झुंबरकाकांची तीन झाडं

झुंबरकाकांच्या दुकानासमोरचं होर्डिंग मी उभं केलं होतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी काकांबद्दल प्रेमाने लिहायला लागलो की कुणी मला भला माणूस समजायला नको. चूक एवढी एकच असती तरी बरं होतं. पण मी होर्डिंग उभं केलं, मग ते माझं नाही असं काकांना तोंडावर सांगितलं, आणि मग त्याच होर्डिंगविरुद्ध काकांचे अर्ज स्वतःच्या हाताने लिहिले. त्या अर्जांना उत्तरंही मीच दिली. काका जाऊन आता वर्ष होऊन गेलं. माफी मी त्यांच्या हयातीत मागितली, एवढंच माझ्या बाजूने सांगता येईल. ती कशी मागितली हे कळायचं तर आधी काका कळायला हवेत.

झुंबरलाल हे त्यांचं नाव. जुन्या जालन्यात उताराच्या रस्त्याच्या वरच्या टोकाला त्यांचं चष्म्याचं दुकान. घराणं मूळचं राजस्थानातलं, पण इथे येऊन चार पिढ्या झालेल्या. काका घरात मारवाडी बोलायचे, गिऱ्हाइकाशी आपली मराठवाडी मराठी आणि चष्म्याच्या काचेशी हिंदी. काच फ्रेममध्ये बसत नसली की तिला समजावत, "आजा बेटी, बैठ जा बराबर." काच बसली की "शाब्बास." गिऱ्हाइकाला मात्र शाब्बास मिळणं अवघड होतं.

ठेंगणा बांधा, पांढरा सदरा-लेंगा, खिशात लाल पेन्सिल. एक चष्मा नाकावर, एक कपाळावर, आणि तिसरा ते सतत शोधत असायचे. नाकावरच्या चष्म्याची एक काडी तुटलेली होती आणि तिच्या जागी कानाला दोरा बांधलेला होता. "काका, तुमच्या दुकानात हजार काड्या असतील, एक लावून घ्या की," असं मी एकदा म्हणालो. काका म्हणाले, "दोरा कान दुखवत न्हाई. तू काडी लावून राह्यला, तुझा कान बघ." मी कान चाचपला. खरंच दुखत होता.

डोळे तपासायला त्यांच्याकडे अक्षरांचा तक्ता होता, पण तो भिंतीकडे तोंड करून टांगलेला असे. तक्त्यावर त्यांचा विश्वास नव्हता. "तक्ता पाठ होतो," ते म्हणायचे. "आणि शेवटची ओळ वाचून माणसाला काय मिळतं? दूर बघायचं तर दूर बघावं." मग ते गिऱ्हाइकाची खुर्ची दाराकडे वळवत. दारातून उतरता रस्ता दिसे, त्याच्या पलीकडे घरांच्या गच्च्या, आणि त्याही पलीकडे, गावाबाहेर, एक टेकडी. टेकडीच्या माथ्यावर तीन कडुलिंबाची झाडं. दोन जाडजूड, आणि तिसरं बारकं, डावीकडे कललेलं.

"झाडं किती?" हा काकांचा प्रश्न. कुणी एक म्हणे, कुणी दोन. काका चाचणीच्या जड फ्रेममध्ये एकामागून एक काचा घालत जायचे, आणि ज्या काचेला ते तिसरं, कललेलं झाड दिसेल तो तुमचा नंबर.

मी पहिल्यांदा त्या खुर्चीत बसलो तेव्हा एकवीस वर्षांचा होतो. स्कूटरच्या लायसन्ससाठी डोळे तपासायचे होते, म्हणून गेलो होतो. मला टेकडीवर हिरवट धूर दिसत होता. जग असंच असतं, अशी माझी समजूत होती. काकांनी चौथी काच घातली आणि टेकडीवर झाडं उभी राहिली. तीन. तिसऱ्याच्या फांद्यांमधून आभाळ दिसत होतं. काका म्हणाले, "रडू नको, काचेला डाग पडतेत." पुढे त्यांनी अजून एक वाक्य म्हटलं, ते मी नंतर शेकडो वेळा ऐकलं. "नजरेला बी बसायला जागा लागते रे."

या पद्धतीत एक अडचण होती. झाडं तीन आहेत हे हळूहळू अख्ख्या जालन्याला माहीत झालं. लोक खुर्चीत बसायच्या आधीच "तीन!" म्हणून मोकळे व्हायचे. मग काकांनी दुसरा प्रश्न काढला. "शेळी हाय का?"

टेकडीवर कुणाची तरी शेळी कधी चरायला असे, कधी नसे. जाफराबादकडचे एक गृहस्थ एकदा आपल्या होऊ घातलेल्या जावयाला "सहज चहाला" म्हणून काकांच्या दुकानात घेऊन आले. मुलाच्या डोळ्यांत काही दोष आहे अशी कुणकुण होती, आणि उघड विचारणं वाईट दिसलं असतं. मुलाच्या घरच्यांनाही चहाचा अर्थ समजला होता. मुलगा पढवून आणलेला.

"झाडं किती?"

"तीन. तिसरं डावीकडं वाकलंय," मुलगा म्हणाला. सासरेबुवांचा चेहरा उजळला.

"आणि शेळी?"

मुलगा क्षणभर गांगरला, पण मागे हटला नाही. "हाय की. दोन हायत."

काकांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला, टेकडी निरखून पाहिली आणि सासऱ्यांना म्हणाले, "एक बी न्हाई. नजर मायनस तीन असेल, तिचं काही वाटत न्हाई, चष्मा लागतो. पण पोरगं होला हो करणारं हाय. तुमच्या मुलीला असं पाहिजे का, ते तिला विचारा." मुलीला विचारलं गेलं. तिला असाच पाहिजे होता. लग्न झालं, आणि मुलाचा चष्मा काकांनी आहेर म्हणून दिला.

मी त्यांच्याकडे अधूनमधून जायचोच. आधी चष्म्यासाठी, मग चहासाठी, मग नुसता. नवीन जालन्यात स्टेशनच्या बाजूला मी फ्लेक्स छापायचं दुकान टाकलं. वाढदिवस, उद्घाटन, निवड, फेरनिवड, श्रद्धांजली. धंदा चालला. मग नुसतं छापून भागेना, लावायला जागा हवी झाली, म्हणून बायकोच्या, सुनंदाच्या नावाने जाहिरातीची एजन्सी काढली. उताराच्या रस्त्यावरच्या एका तीनमजली इमारतीची गच्ची मिळाली. नजर जाईल अशी जागा, असं घरमालक म्हणाला होता. ते खरं होतं.

लोखंडी सांगाडा बसवायच्या दिवशी मी गच्चीवर होतो. वेल्डरने पहिला खांब उभा धरला तेव्हा मी सहज मागे वळून पाहिलं. रस्त्याच्या वरच्या टोकाला काकांचं दार, दारात गिऱ्हाइकाची खुर्ची, आणि खुर्ची थेट माझ्याकडे तोंड करून. पुढे वळलो. समोर टेकडी होती. मी मध्ये उभा होतो. वेल्डरने विचारलं, "साहेब, करू का?" मी म्हणालो, "कर."

पहिला फ्लेक्स एका स्थानिक पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा होता. त्यांना सगळे भैय्यासाहेब म्हणत. मध्ये भैय्यासाहेब हात जोडून, आणि खाली चार ओळींत शुभेच्छुकांची डोकी.

दुसऱ्या दिवशी मी काकांकडे गेलो. कशाला गेलो, कुणास ठाऊक. चष्म्याचा स्क्रू ढिला झालाय, असं काहीतरी म्हणालो. काका गिऱ्हाइकाच्या खुर्चीत स्वतः बसले होते, दाराकडे तोंड करून.

"दिलीप, हे कुणाचं रे?"

"आपलं न्हाई काका," मी म्हणालो. "संभाजीनगरची पार्टी आहे म्हणतात."

"मंग बरं झालं," काका म्हणाले. "जालन्याच्या माणसानं केलं असतं तर वाईट वाटलं असतं." आणि माझा घट्ट असलेला स्क्रू त्यांनी अजून घट्ट करून दिला.

काका हातावर हात ठेवून बसणारे नव्हते. झाडं गेली तर गेली, गिऱ्हाइकं यायचीच होती. चौथ्या दिवशी त्यांनी तपासणी होर्डिंगवर सुरू केली. "तिसऱ्या वळीत डावीकडून पाचवा. मिशी हाय का न्हाई?" नंबर बरा असेल तर मिशी दिसायची. पण भैय्यासाहेबांचा वाढदिवस उरकला आणि शाळा प्रवेशाचा फ्लेक्स आला. तो गेला, साड्यांचा सेल आला. आष्टीची एक बाई चष्म्याला दुसऱ्यांदा आली आणि म्हणाली, "काका, मागच्या बारीला मिशी दिसत होती, आता न्हाई दिसत, नंबर वाढला का?" काका म्हणाले, "बाई, नंबर तोच हाय. मिशीवाला बदलला."

पुढच्या वर्षी भैय्यासाहेब स्वतःच चष्म्याला आले, चार कार्यकर्त्यांसह. त्यांच्याच वाढदिवसाचा फ्लेक्स त्या वेळी लागलेला होता. काकांनी खुर्ची वळवली, फ्रेम चढवली, काचा काढून घेतल्या आणि विचारलं, "समोर काय दिसतंय?"

"बोर्ड दिसतोय."

"बोर्डवर?"

भैय्यासाहेब बराच वेळ डोळे बारीक करून बघत राहिले. "एक जाडा माणूस दिसतोय. काहीतरी विकून राह्यला. तांदूळ असेल."

कार्यकर्ते छताकडे बघू लागले. काकांनी एक काच घातली, दुसरी घातली. भैय्यासाहेब खुर्चीत सरळ झाले. मग म्हणाले, "बिलकुल बारीक फोटो टाकलाय की रे." चष्मा त्यांनी घेतला, पण काकांचं हसणं त्यांना आवडलं नाही. त्याच महिन्यात सांगाडा दीडपट वाढवायची ऑर्डर माझ्याकडे आली. आधी कोपऱ्यातून टेकडीचा उतार तरी दिसायचा. तोही गेला.

होर्डिंगच्या खाली एजन्सीचं नाव टाकावं लागतं. मी ते टाकलं होतं, पण उजव्या कोपऱ्यात, मुंगीएवढं. काकांची नजर तिथे गेलीच. "ती वळ जो वाचून दाखवील त्याला चष्मा फुकट," असं त्यांनी जाहीर केलं. ज्याला ती ओळ वाचता येईल त्याला चष्म्याची गरजच नाही, हे शेजारचे घड्याळवाले सलीमभाई सोडून कुणाच्या लक्षात आलं नाही. लोक रांगेने प्रयत्न करू लागले. एकदा एक पोलीसभरतीचा उमेदवार आला. तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, "पयलं अक्षर स हाय. मंग उकार..." माझ्या हातातला चहा माझ्या पॅंटवर सांडला. "पुढं?" काका उभे राहिले. "पुढं न... न्हाई, ऊन आलं," उमेदवार म्हणाला. पुढच्या फ्लेक्सवर मी ती ओळ आणखी बारीक केली आणि पिवळ्यावर पांढऱ्या रंगात छापली.

मग काकांनी पालिकेत अर्ज करायचं ठरवलं. काकांचं अक्षर असं होतं की त्यांच्या नंबराच्या चिठ्ठ्या फक्त त्यांनाच लागायच्या. "तुझं अक्षर चांगलं हाय, दिलीप. तू लिही." मी नाही कसा म्हणणार?

त्यांची एक पद्धत होती. लिहून झालं की लिहिणाऱ्याने दारात, उजेडात उभं राहून सगळं मोठ्याने वाचून दाखवायचं. मगच ते पेनासाठी हात पुढे करायचे आणि सही करायचे. "लिहिताना माणूस काही बी लिहितो," ते म्हणत. "वाचताना जीभ अडखळती." तर मी त्यांच्या दारात, माझ्याच होर्डिंगकडे तोंड करून वाचायचो: "महोदय, वरील विषयान्वये विनंती की, अर्जदाराच्या दुकानातून पश्चिमेस दिसणारी तीन झाडे सदर होर्डिंगमुळे दिसेनाशी झाली असून नागरिकांच्या नेत्रतपासणीस बाधा येत आहे..." माझी जीभ अडखळायची. काका सलीमभाईंना म्हणत, "बघ, किती मनापासून वाचतो."

कचेरीने अर्ज रीतसर घेतला आणि रीतसर नोटीस काढली. नोटीस माझ्या घरी आली. सुनंदाने ती माझ्यापुढे ठेवली आणि विचारलं, "ह्याला काय उत्तर देणार?" मी म्हणालो, "बघतो." ती म्हणाली, "अर्ज बी तुम्हीच लिहिलाय का? अक्षर तुमचं दिसतंय." मी म्हणालो, "उत्तर टाईप करतो." ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

उत्तरात मी लिहिलं की सदर झाडं अर्जदाराच्या मालकीची नाहीत, सबब त्यांच्या दिसण्यावर अर्जदाराचा हक्क पोचत नाही. उत्तराची प्रत, खाली न लागणारी सही आणि पुसट शिक्का घेऊन, काकांना टपालाने गेली. आणि काकांनी ती मला वाचायला दिली. माझं पत्र मी त्यांना दारात उभं राहून वाचून दाखवलं. काका खूश झाले. "बराबर बोलला! झाडं आपली न्हाईत. सामनेवाला हुशार माणूस हाय. आपण बी नीट लिहू."

अशी पाच पत्रं गेली आणि पाच आली. काका त्या अज्ञात माणसाच्या प्रेमातच पडले होते. "कुठं भेटला तर त्याला चहा पाजला पाहिजे," ते म्हणत, आणि मला चहा पाजत.

पाचव्या उत्तरात मी जे केलं त्याचं मला आजही तोंड वर करून समर्थन करता येत नाही. उत्तरं देऊन मी कंटाळलो होतो, आणि हे कुठेतरी थांबावं एवढंच डोक्यात होतं. मी टाईप केलं: "अर्जदाराच्या स्वतःच्या दुकानावरील पाटी रस्त्यावर दोन हात पुढे आलेली आहे. शहराच्या सौंदर्याची काळजी असणाऱ्या अर्जदाराने प्रथम ती पाटी पाहावी."

ती पाटी काकांच्या वडिलांनी लावलेली. पत्र्याची, निळा मुलामा चढवलेली, तिच्यावर दोन मोठे डोळे रंगवलेले. एका डोळ्यावर गंज आला होता. काका त्याला मोतीबिंदू म्हणायचे. मी पत्र वाचून दाखवलं तसे काका उठले. बाहेर जाऊन रस्त्यावर उभे राहिले आणि वर बघत राहिले. परत आले. "बराबर हाय," म्हणाले. "दोन हात न्हाई, सव्वादोन हात पुढं हाय. इतकी वर्षं दुसऱ्याची नजर तपासून राह्यलो अन् आपलीच पाटी दिसली न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटी खाली होती. आतल्या खोलीत काचांच्या पेटीमागे, भिंतीकडे तोंड करून. "सरळ ठेवली तर डोळे गिऱ्हाइकाकडं बघत बसतेत," काका म्हणाले. ते हसत होते. मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेलो आणि बराच वेळ पाणी पीत राहिलो.

थांबेल म्हणून लिहिलं होतं, पण त्यातून वेगळंच सुरू झालं. पाटी निघाली तर तिच्यामागे दगडाची कमान निघाली, तिच्यावर दोन कोरलेले पोपट. जाणारे-येणारे थांबून बघायला लागले. काका सलीमभाईंच्या मागे लागले, "तुमच्या पाटीमागं काय हाय बघू." सलीमभाई म्हणाले, "काका, आधीच लोक मोबाईलात वेळ बघतेत. पाटी बी काढली तर मी इथं हाय हे माझ्या बायकोला तेवढं माहीत राहील." पण काढली. मागे लाकडी झरोका निघाला आणि सात कबुतरं. मग कापडवाल्याने काढली, मग औषधवाल्याने नाव लहान केलं. दोन महिन्यांत रस्त्याच्या वरच्या टोकाची सात दुकानं मोकळी झाली. गिऱ्हाइकांची मात्र पंचाईत. फोनवर कुणी पत्ता विचारला की काका सांगत, "जिथं काहीच लिहिलेलं न्हाई तिथं थांबा." लोक कापडवाल्याकडे जाऊन डोळे दाखवू लागले. कापडवाला त्यांना साड्या दाखवू लागला.

ही गोष्ट भैय्यासाहेबांच्या कानावर गेली. त्यांना मनापासून आनंद झाला. त्यांच्या कार्यकर्त्यांनी माझ्याकडे येऊन फ्लेक्स छापून घेतला: "रस्ता सुशोभीकरणाबद्दल सर्व व्यापारी बांधवांचे हार्दिक अभिनंदन", मध्ये भैय्यासाहेब. आणि तो नेऊन पोपटांवर बांधला. काकांनी तो तीन दिवस राहू दिला. चौथ्या दिवशी सोडून, नीट घडी करून, चहाच्या वेळी भैय्यासाहेबांच्या घरी नेऊन दिला. "अभिनंदन पोचलं," म्हणाले. "आता पोपटांना हवा लागू द्या." भैय्यासाहेब काय म्हणाले, असं मी विचारलं. काका म्हणाले, "चष्मा घातलेला होता त्यांनी. काही म्हणाले न्हाईत."

मग काकांच्याच डोळ्यात मोतीबिंदू झाला. त्यांनी आधी हे मान्यच केलं नाही. दोष काचांवर ढकलला, मग धुळीवर. शेवटी संभाजीनगरला ऑपरेशन ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी मी भेटायला गेलो. काका खुर्चीत दाराकडे तोंड करून बसले होते.

"लोकांना मी सांगतो, पट्टी काढल्यावर पहिल्यांदा दूर बघा," ते म्हणाले. "माझं काय बघायचं ते ठरलेलं होतं. आता कुणाच्या तरी वाढदिवसाला बघीन."

त्यांनी हे गमतीत म्हटलं. त्यात टोमणा नव्हता, कारण टोमणा कुणाला मारायचा हे त्यांना माहीतच नव्हतं. मी घरी गेलो. सुनंदाला सांगितलं, होर्डिंग काढतोय. ती म्हणाली, "सहा वर्षं झाली. जेवायला बसा."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तोच वेल्डर गॅस-कटर घेऊन गच्चीवर आला. त्याने पहिल्या खांबाला ज्योत लावायच्या आधी विचारलं, "साहेब, करू का?" मी म्हणालो, "कर." संध्याकाळपर्यंत गच्ची मोकळी झाली. मी टेकडीकडे पाहिलं नाही. पहिल्यांदा काकांनी बघावं असं वाटत होतं.

आठवड्याने काका परत आले, डोळ्यांवर काळा चष्मा, दोन्ही कानांना शाबूत काड्या. दुकानात शिरले आणि दारातच थांबले. मग चाचपडत गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले. सलीमभाई हातातलं घड्याळ तसंच घेऊन आले.

"दिलीप," काका म्हणाले, "तू विचार."

मी खुर्चीच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. "काका... झाडं किती?"

काकांनी काळा चष्मा वर केला. बघत राहिले. मला उत्तर माहीत होतं, अख्ख्या गावाला माहीत होतं.

"दोन," काका म्हणाले.

मला वाटलं, ऑपरेशन बिघडलं. मी माझा चष्मा पुसला आणि पाहिलं. दोनच होती. दोन जाडजूड. डावीकडे, जिथे ते बारकं कललेलं असायचं, तिथे नुसतं आभाळ होतं.

"कधी पडलं?" काकांनी विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं. सलीमभाई म्हणाले, "अजून कुणाला बी विचारा काका, तीनच सांगतील." काका म्हणाले, "तेच की. पडलं अन् कुणाला दिसलं बी न्हाई." जरा वेळाने म्हणाले, "शेळी हाय मात्र."

मग त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "कागद घे. सामनेवाल्याला पत्र लिहायचं."

"आता कशाला काका?"

"आभाराचं. त्यानं काढलं ना? कुणी जबरदस्ती केली न्हाई, स्वतःच्या मनानं काढलं. असा माणूस मिळत न्हाई. लिही: महोदय, आपण मोठ्या मनाने..."

मी कागद घेतला. "महोदय" लिहिलं. "आपण" लिहिलं. पुढे पेन जाईना. काका सांगत होते आणि मी लिहीत होतो, पण ते सांगत होते ते नाही. लिहून झालं.

"वाचून दाखव," काका म्हणाले. "मला जवळचं अजून दिसत न्हाई."

मनात आलं, ते सांगत होते तेच वाचावं. त्यांना कळलं नसतं. मी दारात गेलो, उजेडात उभा राहिलो. समोर मोकळी गच्ची होती, तिच्यामागे टेकडी. मी वाचलं:

"काका, ते होर्डिंग माझं होतं. संभाजीनगरची कुठलीही पार्टी नव्हती. एजन्सी सुनंदाच्या नावावर आहे, पण केलं ते मी केलं. खांब उभा करताना मला तुमची खुर्ची दिसली होती. तुम्हाला आलेली पाचही उत्तरं मी लिहिली. तुमच्या वडिलांची पाटी माझ्यामुळे उतरली. तिसरं झाड मी पाडलं नाही, पण ते पडलं तेव्हा आपल्या कुणालाच दिसलं नाही, ते माझ्यामुळे. ज्या डोळ्यांनी मी हे लिहितोय त्यांना नीट दिसायला तुम्ही शिकवलं. माझं चुकलं. मला माफ करा."

सलीमभाईंच्या हातातल्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. काकांनी काळा चष्मा पुन्हा खाली घेतला होता, त्यामुळे त्यांचे डोळे दिसत नव्हते. मग सवयीने त्यांनी पेनासाठी हात पुढे केला.

"काका," मी म्हणालो, "ह्याच्यावर सही तुमची न्हाई, माझी लागते."

"मंग कर," काका म्हणाले. "कोपऱ्यात करू नको."

मी कागद काउंटरवर ठेवला आणि मधोमध सही केली. एजन्सीचा शिक्का नाही, सुनंदाचं नाव नाही. माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. इतक्या मोठ्या अक्षरांत की नुकतंच ऑपरेशन झालेल्या माणसालाही चष्म्याशिवाय वाचता यावं.